अपांचा काळोख

कुलपात किल्ली फिरली, दार उघडलं आणि बुरुलचा पाय तिथेच थांबला. आत मिट्ट काळोख होता. जिन्यातल्या दिव्याचा पिवळा पट्टा तिच्या पायाशी पडून बुटांच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचला होता, आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. ना भिंत, ना आरसा, ना स्वयंपाकघराचं दार. सकाळी निघताना तिनं बैठकीतला दिवा चालू ठेवला होता. तो ती नेहमीच ठेवायची, घरात कुणी असो नसो. आता तर सासू घरात असायची. ऐंशीला टेकलेली बाई, दिवसभर एकटी. वाईट विचार मनात यायला वेळ लागत नाही. बुरुलचा हात बटणाकडे गेला, बोट टेकतंय न टेकतंय तोच आतून, अगदी हातभर अंतरावरून यावा तसा शांत आवाज आला, "राहू दे गं. बूट काढ आणि ये. स्टूल मध्येच आहे, डावीकडून ये."

बुरुल किंचाळली नाही एवढंच. तिनं बटण दाबलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. बोळ, बैठक, स्वयंपाकघर एकामागून एक आपापल्या जागी येऊन उभी राहिली. तिच्या सासू, आनीपा अपा, खिडकीपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे मिटून घेतलेले, जणू कुणी तोंडावर पाणी मारलं होतं. समोरच्या वाडग्यातल्या चहावर साय धरली होती.

"वीज गेली होती का अपा?"

"नाही."

"मग दिवे?"

"मी घालवले."

"का पण?"

"चालू होते म्हणून," अपा म्हणाल्या आणि पदराच्या टोकासारखं डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढून घेत उठल्या. चहा गरम करायला ठेवला. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

बुरुलच्या दृष्टीनं तो संपणं कठीण होतं, कारण तिचं पोटच मुळी उजेडावर होतं. बिश्केकच्या उत्तरेला, लोखंडी कंटेनरवर कंटेनर रचून उभ्या राहिलेल्या त्या अफाट बाजारात तिचं झुंबरांचं दुकान होतं. कंटेनरच्या छतापासून लोंबणारी काचेची, पितळेची, हल्ली चिनी प्लास्टिकचीही झुंबरं दिवसभर पेटलेली असत, आणि गिऱ्हाईक मान वर करून आत येई ते मान वर असतानाच भाव विचारी. बुरुलला माल विकता येई, कारण ती खोटं बोलत नसे. उजेड ही चांगली गोष्ट आहे यावर तिचा मनापासून विश्वास होता. नवी घरं बांधणारे लोक मोबाइलवर आपल्या छताचे फोटो दाखवायचे आणि ती सांगायची, "एवढ्या खोलीला हे पुरायचं नाही, कोपरे काळे राहतील." कोपरे काळे राहणं म्हणजे काहीतरी फार वाईट, असं गिऱ्हाइकालाही लगेच वाटायचं. तिच्या स्वतःच्या घरात एकही काळा कोपरा नव्हता. "आमच्या घरात माशीलासुद्धा सावली नाही," तिचा नवरा मेदेर पाहुण्यांना सांगायचा. रात्री झोपतानाही बोळातला दिवा तसाच राहायचा, लग्न झाल्यापासून. मेदेरनं पहिल्या आठवड्यात एकदाच विचारलं होतं, ती "सवय आहे" म्हणाली होती, आणि त्यानं उशी डोळ्यांवर घेऊन झोपायला शिकून घेतलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसाचा अर्धा वेळ लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात काढून आलेल्या माणसाला घरी कसल्याही उजेडात झोप येत असावी.

अपा शरद ऋतूत आल्या होत्या. सासऱ्यांचं वर्षाचं जेवण झालं, कोचकोरच्या पलीकडल्या गावातलं घर बंद केलं आणि मेदेरनं आईला गाडीत घालून इथे सातव्या मजल्यावर आणलं. त्यांचा तसा काही त्रास नव्हता. खात होत्या थोडं, बोलत होत्या त्याहून थोडं. फक्त त्या संध्याकाळनंतर बुरुलच्या लक्षात यायला लागलं की अपा घरात आल्यापासून दिवे विझत होते. ती एका खोलीतून दुसरीत गेली की मागची खोली काळी व्हायची. न्हाणीघरात अपा दिवा न लावता जायच्या. भाकरी कापायच्या, सुई ओवायच्या, त्याही खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात. आणि डिसेंबरच्या त्या लवकर मावळणाऱ्या दिवसांत बुरुल बाजारातून परतायची तेव्हा दर वेळी दारापलीकडे तोच मिट्ट डोह असायचा आणि त्याच्या तळाशी कुठेतरी ती बाई बसलेली असायची, श्वास घेत. दार उघडण्याआधी बुरुल जिन्यात क्षणभर थांबायला लागली. आपल्याच घराची आपल्याला भीती वाटते, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. तिनं दुसरं काहीतरी सांगितलं.

"मेदेर, अपांना दिसत नाहीये."

"काहीतरीच. काल माझ्या शर्टावरचा डाग त्यांनी दाखवला."

"तो सकाळी. संध्याकाळी दिसत नसणार. आंधळं व्हायच्या आधी माणसं सराव करतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"दुकानात एक बाई म्हणत होती," बुरुल म्हणाली. असं कुणीच म्हणालं नव्हतं. ते आताच तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं आणि पडल्याबरोबर तिला ते खरं वाटायला लागलं होतं. "पडल्याबिडल्या तर? मी दिवसभर बाहेर, तू बाहेर. चिनार-एजेकडे अंगण आहे, माणसं आहेत. विचारून तर बघ."

चिनार-एजे म्हणजे मेदेरची थोरली बहीण, गावातच दिलेली. दोन दिवसांनी मेदेरनं तिला फोन केला, आणि महिनाअखेर चिनार-एजे गाडी घेऊन येईल, अपांना घेऊन जाईल असं ठरलं. त्याआधी डोळे दाखवून घ्यावेत म्हणून बुरुलनं एका सकाळी दुकान उशिरा उघडलं आणि सासूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, बोटं थंड होती. तिनं अपांच्या डोळ्यांत थेंब घातले, खालवर बघायला लावलं, अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपाशी अपा म्हणाल्या, "हे काय लिहिलंय, याला काही अर्थ नाही," तेव्हा डॉक्टरीण हसली. जरासा मोतीबिंदू आहे, पण या वयाला डोळे फार चांगले आहेत, अंधारात दिसायला काही अडचण नाही, असं तिनं सांगितलं. बुरुलला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. ज्या फळीवर पाय दिला होता तीच कुणीतरी काढून घेतली होती. बसमध्ये काचांवर आतून बर्फ धरलं होतं, आणि अपा थेंबांमुळे मोठ्या झालेल्या बाहुल्यांवर हात धरून बसल्या होत्या.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आंधळी करायला निघाली होतीस सासूला."

"तसं नाही अपा. मला काळजी वाटली."

"काळजी नव्हे गं. तुला कारण हवं होतं. मेदेर मला जे म्हणाला, तसं त्याला बोलता येत नाही. 'अंगण आहे, माणसं आहेत.' ते वाक्य तुझं."

बुरुलनं खिडकीच्या बर्फावर नखानं रेघ ओढली. बाहेर कोळशाच्या धुरानं भरलेला दिवस होता, करडा आणि बिनसावल्यांचा. रागानं विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर आले तेव्हा त्यांत राग नव्हताच. त्यांत ते कुतूहल होतं, जे तिला स्वतःलाही तोवर ठाऊक नव्हतं. "दिसतंय ना तुम्हाला सगळं? मग अंधारात बसून तुम्ही बघता तरी काय?"

अपांनी डोळ्यांवरचा हात काढला. त्या मोठ्या काळ्या बाहुल्यांमुळे त्यांचा चेहरा एकदम कुणातरी दुसऱ्या, तरुण बाईचा वाटला. "तू कधी बघितलंस?"

"काय?"

"दिवस जाताना. पूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बुरुल म्हणाली, हो, म्हणजे काय, रोजच तर जातो. पण बस दोन थांबे पुढे गेल्यावर तिच्या मनात आलं की आपण कधीच बघितलेलं नाही. दुकानात दिवे, रस्त्यावर दिवे, बसमध्ये दिवे, घरी दिवे. दिवसाचा आणि रात्रीचा सांधा कुठे असतो, तो कसा दिसतो, हे चाळिशी ओलांडेपर्यंत आपल्या डोळ्यांपुढे एकदाही आलं नाही. दुपारभर झुंबरांखाली उभं राहून ती त्याचाच विचार करत होती. एका गिऱ्हाइकाला कोपरे काळे राहतील असं सांगताना ती मध्येच अडखळली.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं आटोपल्यावर तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि अपांच्या शेजारी खिडकीशी बसली. अपांनी मान वळवून पाहिलं, तिच्यासाठी चहा ओतला, आणि दोघींच्या मध्ये वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची वाटी ठेवली. सुरुवातीला बुरुल नुसतीच वाट बघत राहिली, सिनेमा सुरू व्हायची बघावी तशी, आणि कंटाळली. समोरची इमारत, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले गोठलेले कपडे, मधल्या अंगणातलं मळकं बर्फ, घसरगुंडी. दक्षिणेला डोंगरांची रांग धुरामागे अर्धवट. मग केव्हातरी तिला जाणवलं की टेबलाखालच्या लोकरीच्या नमद्यावरचा लाल रंग गेला आहे. कधी गेला ते तिला सांगता आलं नसतं. लाल नक्षी होती तिथे काळी नक्षी होती, आणि तिच्याशेजारची निळी, जी दिवसा कधी नजरेतही भरत नसे, ती वर उठून आली होती, ओली असावी तशी. ती वाकून बघायला लागली. "लाल आधी जातो," अपा म्हणाल्या, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "पांढरं शेवटपर्यंत थांबतं." खरंच होतं. पातेली गेली, स्टोव्ह गेला, कपाटाची दारं भिंतीत गेली. वाडगे मात्र फळीवर एकेक असे तरंगत राहिले, कुणी धरलेले नसावेत तसे. भिंती मागे सरकल्या. सातव्या मजल्यावरचं ते एवढंसं स्वयंपाकघर, ज्यात दोन माणसं एकमेकांना ढकलल्याशिवाय वळू शकत नव्हती, ते किती मोठं आहे याचा अंदाज येईना. वास जवळ आले; चहाचा, ओल्या लोकरीचा, अपांच्या कपड्यांतल्या जुन्या धुराचा. पाइपातून गरम पाणी वाहतंय हे तिला ऐकू आलं. बारा वर्षं ती या घरात राहत होती आणि पाइपांना आवाज आहे हे तिला ठाऊक नव्हतं. अंगणातलं बर्फ आता मळकं नव्हतं. ते खालून, आतून कुठूनतरी उजळत होतं, आणि समोरच्या इमारतीत एकेक खिडकी पेटत होती, पिवळी, पांढरी, एक हिरवट. बुरुलला वाटलं की ही तिच्या दुकानातलीच झुंबरं असावीत, पण इथून त्यांचं काम वेगळंच होतं. ती उजेड पाडत नव्हती, नुसती होती, काळोखात ठेवल्यासारखी. तिनं आयुष्यभर दिवे विकले होते आणि दिवा पहिल्यांदा पाहत होती.

"तुम्ही गावाकडेही अशाच बसायच्या?" तिनं विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"गावाकडे बसायला कुठे मिळत होतं." अपांचा चेहरा म्हणजे आता फक्त एक फिकट जागा होती. "मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा सासू, सासऱ्यांची आई, चार दीर, जावा, पोरं. सकाळी डोळे उघडले की कुणीतरी माझ्याकडे बघत असायचं. हसले तर का हसली, नाही हसले तर तोंड का सुतकी. चेहरा सारखा वापरात. संध्याकाळी गुरं बांधून झाली की दिवा लावायच्या आधी थोडा वेळ असायचा. रॉकेल जपून वापरायचे ना, सासू लगेच लावू द्यायची नाही. सगळे एका खोलीत, पण कुणाला कुणी दिसत नाही. तेवढ्या वेळात मी तोंड वेडंवाकडं करायचे."

"काय करायच्या?"

"अशी जीभ काढायचे. सासूकडे तोंड करून." अपा हसल्या; हसू दिसलं नाही, फक्त त्याचा श्वास आला. "कधी रडायचे. कधी काहीच नाही. चेहरा नुसता ठेवून द्यायचे, बूट काढून ठेवावेत तसा. ती सवय. आता कुणी बघत नाही माझ्याकडे, तरी ती वेळ झाली की मला बसावं लागतं. तू आलीस, दिवा लावलास, की मी परत कुणाची तरी सासू."

बुरुलनं काळोखात, जरा लाजतच, जीभ बाहेर काढली. खारट गोळ्यानं चुरचुरणाऱ्या जिभेला गार हवा लागली. मग गाल फुगवले. चाळिशीची बाई, दोन दुकानदारिणींशी भांडून बाजारात जागा मिळवलेली, ती आपल्या सासूच्या शेजारी बसून तोंडं वेंगाडत होती, आणि छातीत काहीतरी सैल होत होतं, आणि कुठूनसा एका लहान मुलाचा आवाज अगदी ओठांवर येऊन थांबला होता, नेमका कुणाचा ते कळेपर्यंत दाराशी किल्ली वाजली आणि छताचा दिवा फाडकन पेटला.

"अरे देवा," मेदेर म्हणाला. "काय चाललंय?"

दोघी बायका डोळे मिचकावत बसल्या होत्या, चोरी करताना पकडल्यासारख्या. स्वयंपाकघर होतं तेवढं लहान होऊन परत आलं होतं. फ्रिज घरघरला, आणि त्या आवाजाबरोबर बुरुलला तो मुलाचा आवाज पूर्ण ऐकू आला. तो अझातचा होता, तिच्या धाकट्या भावाचा. ती आठ वर्षांची, तो चार-पाचचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि हिवाळ्यात रोज संध्याकाळी वीज जायची. आई बसस्टँडवर विणलेले मोजे विकायला उभी राहायची, आणि ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एका रजईखाली. त्या संध्याकाळच्या भीतीचा तिनं कधी विचार केला नव्हता. भीती होती हे गृहीत धरून तिनं पुढचं सारं आयुष्य दिव्यांनी भरून टाकलं होतं. पण आता, मेदेर हातमोजे काढत समोर उभा असताना, तिला दिसलं की भीती काळोखात नव्हतीच. काळोखात अझात हाक मारायचा, "बाबा?" आणि ती रजईत तोंड खुपसून जाड आवाजात म्हणायची, "हं." "बाबा, काय करताय?" "वाचतोय." "अंधारात?" "गप झोप." वडील त्याच शरद ऋतूत निघून गेले होते आणि जाताना भिंतीवरचा गालिचा घेऊन गेले होते, आणि तो होता तिथे भिंतीला चिकटवलेला कागद उन्हानं विटला नव्हता, मोठाच्या मोठा ताजा निळा चौकोन. काळोखात गालिचाही असायचा, वडीलही असायचे. मग मध्येच केव्हातरी, काही न सांगता, दिवा यायचा. फ्रिज हिसका देऊन घरघरायचा, खोली एकदम उघडी पडायची, समोर तो निळा चौकोन, आणि अझात मान वळवून तिच्याकडे बघायचा. आणि ती बुरुल असायची. ते तिला सोसायचं नाही. दिवा येण्याची तिला धास्ती होती. म्हणून तिनं दिवा कधी जाऊच दिला नव्हता. जो गेलाच नाही तो येणार कसा.

"बंद कर ना," ती म्हणाली.

"काय बंद कर?"

"दिवा. दोन मिनिटं."

मेदेरनं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "एक होती तेव्हा मी चिनार-एजेला फोन केला," तो म्हणाला. "आता दोघींसाठी कुणाला करू?" पण त्यानं बंद केला, आणि जेवण मागायला सुद्धा विसरून भिंतीला टेकून उभा राहिला.

त्या रात्री तिनं अझातला फोन लावला. तो कोरियात एका कारखान्यात होता, नुकताच पाळीवरून आलेला, मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "तुला आठवतं का रे, लहानपणी वीज जायची तेव्हा तू बाबांना हाका मारायचास?"

"आणि तू घसा बसल्यासारखी बोलायचीस," अझात म्हणाला.

"तुला ठाऊक होतं मी आहे ते?"

"तुझा आवाज मला कळणार नाही? ठाऊक होतं म्हणून तर हाक मारायचो. बाबा कधी ओ देत होते?" मागची भांडी थांबली. "दीदी, काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सहज विचारलं." फोन ठेवल्यावर ती बोळात आली. दिवा चालूच होता. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, विकत घेताना गिऱ्हाईक पाहतं तसं, आणि तो तसाच राहू दिला. एका दिवसात सगळं करायचं म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

अपांनी मात्र जायचं ते जायचंच म्हटलं. बुरुलनं दोनदा विषय काढला. "मी बोलले ते विसरा ना अपा. राहा इथेच." "रागावून नाही गं जात," त्या बोचकं बांधता बांधता म्हणाल्या. "तू मला जायला सांगितलंस ते बरं केलंस. माझ्याच्यानं मेदेरला सांगवत नव्हतं. इथे तुमचा काळोख चांगला आहे, पण थोडा आहे. रस्त्यावरचे दिवे आत येतात." महिनाअखेर चिनार-एजे आली, स्वतः गाडी हाकत, दार बांधायला दोरी असलेली गाडी. ती जाड, मोठ्यानं बोलणारी, भावावर ओरडणारी बाई होती. बुरुलही एका रात्रीपुरती सोबत निघाली. का ते तिनं मेदेरला सांगितलं नाही. तिला मोठा काळोख बघायचा होता.

गाव आलं तेव्हा सगळं अंधारून गेलं होतं आणि बर्फ पडत होतं. चुलीभोवती जेवण, चिनार-एजेच्या बडबडीत गेलेला वेळ, मग रजयांच्या उतरंडीतून काढलेल्या पाच-सहा रजया आणि झोप. पहाटे बुरुलला जाग आली ती लघवीला. खोलीत इतकं काळं होतं की डोळे उघडले की नाही हे तिला पापण्यांना हात लावून बघावं लागलं. भीती आली. ती ओळखीची होती, पोटात नेहमीच्या जागी. पण या वेळी बुरुलनं तिला जरा बाजूला सरकून जागा दिली आणि उठली. कोट, बूट, दार. मोबाइल उशाशीच राहिला होता. परत आत जाऊन तो आणावा असं वाटलं आणि तिनं नाही आणला. बर्फ पडायचं थांबलं होतं, आभाळ झाकलेलं होतं, चांदणी नव्हती एकही. पायांखालच्या आवाजावरून ती कुंपणाच्या कडेनं गेली, परतताना वाट चुकली, आणि पुढे केलेला तिचा हात एका मोठ्या, उबदार, हलत्या भिंतीवर टेकला.

भिंतीनं श्वास सोडला. घोडा होता.

तिनं हात काढला नाही. तळव्याखाली हिवाळ्याची दाट लव होती आणि तिच्याखाली काहीतरी संथपणे भरत होतं, ओसरत होतं. घोड्यानं मान वळवली. तिच्या कानावर एक ओला, गवताचा वास असलेला श्वास आला. किती उंच आहे, किती म्हातारा आहे, तिला कळेना. आणि एकाएकी तिला जाणून घ्यायचं होतं की याचा रंग कोणता. इतक्या तीव्रतेनं तिला बऱ्याच दिवसांत काही जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. काळा, तिनं ठरवलं. हातांना तो काळा लागत होता. आत जाऊन मोबाइल आणला असता तर क्षणात कळलं असतं. ती तिथेच उभी राहिली.

दार करकरलं. पावलं आली, न अडखळता, आणि तिच्या खांद्यांवर एक जड मेंढीकातडं पडलं.

"मरशील गारठून," अपा म्हणाल्या. "काय करतेस इथे?"

"घोड्याचा रंग बघतेय."

अपांनी घोड्याची मान चाचपली. "हा तर आपल्या चिनारचा..."

"सांगू नका! सांगू नका, अपा."

अपांनी पुढचे शब्द गिळले. ते गिळल्याचा आवाजसुद्धा आला. मग त्या घोड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्या पाठीवर कोपर टेकून, आणि तिथून म्हणाल्या, "मार्चमध्ये ये मला न्यायला. बर्फ वितळलं की इथे नुसता चिखल असतो."

"येईन."

पूर्वेला काही उजळलं असं म्हणता आलं नसतं. फक्त आभाळ आणि डोंगर एक होते ते आता दोन होते. मग कुंपणाच्या काठ्या आल्या, एकेक, अजून कशालाही न जोडलेल्या. बुरुलला वाटलं होतं उजेड येतो तो हिसका देऊन, खोली उघडी टाकून. हा तसा येत नव्हता. हा विचारत विचारत येत होता, प्रत्येक वस्तूला तिचा वेळ देत, आणि अपांचा चेहरा घोड्याच्या पाठीपलीकडे हळूहळू असा जुळत गेला की त्यात कुठेही कुणाची सासू एकदम येऊन उभी राहिली नाही. घोडा अजून काळाच होता. मग तो काळा नव्हता, करडा होता. "करडा आहे," बुरुल म्हणाली. अपा ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, गुपित सांभाळणाऱ्या पोरीसारख्या. करड्याच्या आतून काहीतरी गडद वर आलं, तपकिरी असावं. मानेवर वेगळं, पोटाशी वेगळं. "तपकिरी! झालं, तपकिरी."

"कुठे झालं," अपा म्हणाल्या. "अजून ऊन यायचंय."